अळणी पान

भिंत दिसली की त्यांचं नख आधी पुढे व्हायचं. करंगळीचं, वाढवलेलं, पिवळट. रंगाचे पोपडे सुटलेल्या जागेवरून ते नख हळूच फिरवायचे, निघालेली पांढरी भुकटी जिभेच्या टोकावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आमचाच हाय."

भिंत मग कुणाचीही असो.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच बिल्डिंगच्या जिन्याखाली. शांती नगरातली आमची सोसायटी जुनी. तळमजल्याच्या भिंतींना लोणा लागलेला. कितीही रंग द्या, पावसाळा सरला की भिंतीतून मीठ फुटतं आणि रंग फुगून खाली येतो. मी नुकताच सेक्रेटरी झालो होतो. निवृत्त माणूस घरात स्वस्थ बसलेला दिसला की सोसायटी त्याला सेक्रेटरी करते, हे तुम्हीही पाहिलं असेल. पांढराशुभ्र शर्ट, बोटात सोन्याची अंगठी, वय ऐंशीच्या पुढे, असे एक गृहस्थ आमची भिंत चाखताना दिसले तेव्हा मला वाटलं, वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदारानं कुणी जाणकार पाठवला असावा. मी अदबीनं विचारलं, "काय वाटतं? किती खोल गेलंय?"

"लय खोल," ते म्हणाले. "माज्या आज्याच्या आज्यापरत."

मी मान डोलावली आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये काय सांगायचं याचा विचार करत वर गेलो.

ठेकेदाराचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता, हे पुढे कळलं. ते पलीकडच्या सोसायटीत राहत होते. हा सगळा भाग एके काळी मिठागरं आणि भातखाचरं. त्यातला बराचसा त्यांच्या घराण्याचा. वडिलांनी आणि चुलत्यांनी जमीन बिल्डरला दिली, बदल्यात काही फ्लॅट घेतले. त्यातल्या एकात ते मुलगा-सुनेबरोबर राहत. म्हणजे आपल्याच मिठागरावर, पण तिसऱ्या मजल्यावर. त्यांचं नाव मी सांगत नाही, घरचे लोक अजून आहेत आणि त्यांना हे लिहिलेलं आवडेल की नाही याचा मला अंदाज नाही. मी त्यांना काका म्हणायचो. वॉचमन चाचा म्हणायचा. ते मला 'शेक्रेटरी' म्हणायचे, आणि माझी मुदत संपल्यावरही तेच म्हणत राहिले.

आम्ही लोअर परळच्या चाळीतून इथं आलेली माणसं. आम्हाला हा भाग सेक्टरच्या आकड्यांनी कळतो, नाहीतर मेडिकलच्या दुकानांनी. काकांच्या डोक्यातला नकाशा वेगळा होता. एकदा स्टेशनाबाहेर आम्ही दोघं एकाच शेअर रिक्षात बसलो. रिक्षावाला जौनपूरचा. काका त्याला म्हणाले, "बांधावरनं घे."

"कौनसा बांध, चाचा? इधर तो रोड है."

"रोडच बांध हाय. मोठ्या बांधावरनं जा नि उघाडीपाशी वल. पानी आत सोडाचं दार न्हाय का, थय."

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी त्याला 'सीधा जाओ, मेडिकल के पास लेफ्ट' असं सांगितलं आणि आम्ही नीट घरी पोहोचलो, त्यामुळे दोघांचंही म्हणणं बरोबर ठरलं. उतरताना रिक्षावाला हळूच म्हणाला, "चाचा का दिमाग ठीक है ना?" मी ठीक आहे म्हटलं. पण त्या दिवसापासून मला तो रस्ता आजूबाजूपेक्षा जरा उंच वाटायला लागला आणि सेक्टर खोलगट. पावसात पाणी कुठे तुंबतं ते आठवून पाहिलं, तर काकांच्या बांधाशी अगदी जुळत होतं. पुढच्या पावसात मात्र नेमकं भलतीकडेच तुंबलं, आणि काकांचं खरं की रिक्षावाल्याचं, यात मी होतो तिथंच राहिलो.

आता पानाची गोष्ट. सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडे आईवडिलांच्या नावानं पान ठेवतात. चाळीत ते कौलांवर ठेवायचो. हाक मारायच्या आत कावळा हजर व्हायचा. इथं ते स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, एसीच्या डब्यावर ठेवावं लागतं, आणि पहिली येतात ती कबुतरं. "त्यांना कबुतरं चालत असतील का हो?" असं आमची ही दरवर्षी विचारते. मी म्हणतो, ते कुठे नाही म्हणायला आलेत. एवढं एक पान ठेवलं की माझे पितर संपले. मी एकुलता एक, त्यामुळे भाऊबंदकीही नाही आणि भाऊही नाही.

त्या वर्षी पान ठेवून मी काही कामासाठी खाली आलो, तर जिन्याखाली काका उकिडवे बसलेले. समोर केळीचं पान. भात, वडे, तांबड्या भोपळ्याची भाजी, वालाचं बिरडं, खीर, सगळं व्यवस्थित वाढलेलं. आणि त्यांच्या डोक्यावर आमचे पहिल्या मजल्यावरचे खजिनदार उभे.

"अंकल, इधर खाना नहीं रखने का. चूहा आएगा."

"आयला तं येऊं दे," काका म्हणाले. "तो पन कुनाचा तरी आसंल."

खजिनदारांना मराठी बेताचं येतं, त्यामुळे त्यांना हे दोनदा समजावून सांगावं लागलं. समजल्यावर ते वर निघून गेले. त्यांच्याही घरी त्या दिवशी पूरी-खीर होती, असं मला नंतर कळलं.

मी काकांजवळ पायरीवर बसलो आणि विचारलं, "हे कुणाचं पान?"

"माज्या दादाचा. मोठा भाव. हितंच गेला." त्यांनी तळव्यानं आमच्या फरशीवर दोनदा थापटलं. मग सांगायला लागले, माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघत. "उदान व्हता. खारीचा पानी चरत आयला नि बांध फुटून खांड परली. दादा खांडीत उतरला. पाठ लावून हुबा रायला, पानी आडवाला. मना बोलला, धाव, चिखलाची टोपली आन. मी धावलो. टोपली भरली. ती झाली जड. मंग मी वाटंत जरा टेकलो. जरासाच टेकलो. आयलो तं खांड हीऽ मोटी झालेली, नि दादा न्हाय."

मी पायरीवरून जरा पुढे सरकलो.

"टोपली माज्या डोक्यावरच रायली," ते म्हणाले. "मना उशीर झाला."

ऐंशी वर्षांचा माणूस जिन्याखाली बसून कालच्यासारखं सांगत होता, आणि वर कुणाच्या तरी घरात मिक्सर चालू होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काका, पानावर मीठ राहिलं वाटतं." आपल्याकडे पान वाढायला घेतलं की पहिलं मीठ वाढतात, हे कुणालाही खटकलं असतं.

"न्हाय ठेवाचा," ते म्हणाले. "सगला आळनी केलाय. त्याच्या नाकातोंडात गेलाय तेवडा मीट पुरे."

हीच ती जागा, हे कशावरून? मी विचारलं. ते म्हणाले, चवीवरून. खांडीजवळच्या कुंडीत पिकणारं मीठ कडवट लागायचं, आणि इथल्या भिंतीचं कडवट आहे. त्यांनी नखावर भुकटी घेऊन माझ्यापुढे धरली. मीही चाखली. मला खारट लागली आणि थोडी डिस्टेंपरसारखी. मी "हो, आहे खरं" म्हणालो. त्यांच्यासमोर दुसरं काही म्हणवेना.

मग दरवर्षी ते पान आमच्या जिन्याखाली यायला लागलं. एका वर्षी त्यांची सून माहेरी गेली होती, म्हणून आमच्या हिनं हौसेनं स्वयंपाक केला. काका पान घ्यायला दारात आले. पानावर डाव्या हाताला मिठाची चिमूट. त्यांनी ती बोटानं टिपून काढली, जागा पुसली आणि विचारलं, "भाजीत?" ही म्हणाली, "घातलंय थोडं, चवीपुरतं." "बिरड्यात?" "त्यातही." काका पान परत तिच्या हातात देऊन खुर्चीवर बसले. ना राग, ना काही. ही मुकाट्यानं आत गेली आणि भात, भाजी, बिरडं, वडे सगळं पुन्हा केलं. खीर तेवढी पहिल्यापासून निर्दोष होती. दुपारी आम्ही ते मीठ घातलेलं जेवत होतो तेव्हा ही म्हणाली, "आज मला खारट लागतंय सगळं." मलाही लागत होतं.

त्यानंतर काकांची आठवण वाकड्यातिकड्या वाटांनी जायला लागली. भर उन्हात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली यायचे आणि वॉचमनला विचारायचे, उधाण कधी आहे? वॉचमन बिचारा सांगायचा, "शाम को, चाचा," म्हणजे ते घरी जायचे. मुलगा विमा कंपनीत नोकरीला, दमून आलेला असायचा, तो त्यांना शोधत फिरायचा. माझं नाव ते विसरले. 'शेक्रेटरी' मात्र विसरले नाहीत.

याच सुमाराला सोसायटीनं तळमजल्याच्या भिंतींना टाइल्स लावायचं ठरवलं. दर दोन वर्षांनी रंगाचा खर्च, दर दोन वर्षांनी पोपडे. सगळे कंटाळले होते. काम छान झालं. लॉबी चकाचक दिसायला लागली. खोटं कशाला बोलू, मलाही आवडल्या त्या टाइल्स.

अमावास्येच्या आदल्या दिवशी काका आले. दरवर्षी असे येऊन जागा बघून जायचे. जिन्याखाली वाकले, नख पुढे केलं. नख घसरलं. पुन्हा फिरवलं. बोट जिभेला लावलं आणि डोळे मिटून खूप वेळ उभे राहिले. मग डोळे उघडून मला म्हणाले, "यो कुनाचा?"

"काका, आपलीच बिल्डिंग. टाइल्स लावल्यात."

"न्हाय. यो आमचा न्हाय. यो कुनाचाच न्हाय." त्यांनी टाइलवर तळवा थापटला. "उंद्या पान कुठं ठेवू? तो उपाशी रायल."

समजावून काही उपयोग होईना. ते रस्त्यावर निघाले, म्हणून मी त्यांच्याबरोबर निघालो. सकाळची वेळ होती. शांती नगरात जिथे जिथे पोपडे दिसले तिथे तिथे आम्ही थांबलो. ते नखानं खरवडायचे, चाखायचे, म्हणायचे "आमचाच हाय", पण चेहऱ्यावर समाधान नाही. पुढच्या भिंतीकडे. एका गेटवर वॉचमननं हटकलं, "ए चाचा, दीवार क्यों चाट रहे हो?" मी म्हटलं, "टेस्टिंग चालू है." त्याला आम्ही महापालिकेचे वाटलो असणार. त्यानं दोन खुर्च्या आणून ठेवल्या आणि त्याच्या केबिनची गळती दाखवायला नेलं. ती भिंतही काकांनी चाखली.

असं करत आम्ही पार पूनम सागर वसाहतीपर्यंत गेलो. खरं म्हणजे इतक्या लांबपर्यंत त्यांची जमीन होती का, की ते आता कुणाचीही भिंत आपली म्हणत होते, हे मला कळत नव्हतं. एकदोनदा मीही चाखून पाहिलं. मला सगळ्या सारख्याच लागल्या. एका बंद दुकानाच्या पायरीवर ते मटकन बसले. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता.

"सगलाच आमचा हाय," ते म्हणाले. "मंग तो कुठं हाय?"

म्हाताऱ्या माणसाला रस्त्यात रडताना पाहणं फार वाईट. लोक भाजीच्या पिशव्या घेऊन बाजूनं जात होते. मी त्यांच्यापुढे बसलो आणि म्हणालो, "काका, तो आमच्या जिन्याखालीच आहे. तिथंच. मी पाहिलंय."

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. "तू पायलास?"

"हो."

"खांड पायलीस?"

"हो," मी म्हणालो. मला म्हणायचं होतं की तुम्ही पान ठेवायचात ती जागा मी पाहिली आहे. पण त्या क्षणी मी नेमकं कशाला हो म्हटलं, ते मला अजून सांगता येत नाही.

"मंग बरा हाय," काका म्हणाले आणि उठले. दुसऱ्या दिवशी पान टाइल्सपाशी ठेवलं गेलं. त्यांनी भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तेव्हा पान खाली ठेवलं.

थंडीत ते अंथरुणाला खिळले. मी भेटायला जायचो. कधी ओळखायचे, कधी नाही. एकदा माझं मनगट धरून म्हणाले, "शेक्रेटरी, पान तू ठेव. पोरगा न्हाय ठेवाचा. त्यानं काय पायलाच न्हाय. तू पायलास."

"ठेवीन, काका."

"मीट न्हाय."

"नाही घालत."

त्यांनी मनगट सोडलं. होळीच्या आधी ते गेले.

दहाव्याला मी त्यांच्या घरी गेलो होतो. मुलगा गॅलरीत एकटाच उभा होता. मी त्याला पानाचं सांगितलं. म्हटलं, काकांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय, तुमची हरकत नसेल तर मी ठेवत जाईन. त्यांच्या भावाचं.

तो माझ्याकडे वळला. "काका, बाबांना भाऊच नव्हता. तीन बहिणी होत्या. तिन्ही आत्या मी पाहिल्यात ना."

"अरे, पण ती टोपली? खांड?"

"ती आजोबांची गोष्ट आहे. आजोबांचा मोठा भाऊ गेला म्हणे मिठागरात. बाबांच्या जन्माच्या कितीतरी आधी. आजोबा दर वर्षी बाबांना बांधावर न्यायचे, पान ठेवायचे आणि सगळं साग्रसंगीत सांगायचे. लहानपणी मलापण सांगितलंय." त्यानं गॅलरीचं दार ओढून घेतलं. "खरं सांगू का, आत्या म्हणायच्या की आजोबासुद्धा तेव्हा फार लहान होते, टोपली उचलण्याएवढे नव्हतेच. म्हणजे ती टोपली पण त्यांच्या बापाची असेल. कोणाला ठाऊक? इंग्रजांच्या वेळचं असेल, त्याच्याही आधीचं असेल. आम्ही आता पान वगैरे ठेवत नाही काका, त्या दिवशी आश्रमात जेवण देतो. तुम्हाला ठेवायचं तर ठेवा."

मी घरी आलो आणि कितीतरी दिवस मला हे कुठे ठेवावं ते कळेना. काका खोटं बोलत नव्हते. भर रस्त्यात ते रडले होते ते मी पाहिलं होतं. जे कधी केलंच नाही त्याचा उशीर हा माणूस जन्मभर डोक्यावर घेऊन फिरला. आणि त्यांच्या आधी त्यांचे वडीलही तीच टोपली घेऊन फिरले असतील, कदाचित त्यांचीही नसलेली. मग पहिला कोण टेकला होता वाटेत? आणि कुठल्या वाटेत? मी हिला विचारलं. ती म्हणाली, "कुणीतरी बुडालं होतं ना? मग झालं तर."

मला त्यांची फार आठवण येते. भिंत दिसली की येतेच.

यंदा अमावास्येला ही सकाळी लवकर उठली. मी काही सांगायच्या आत तिनं मिठाचा डबा ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवला. एसीच्या डब्यावर आईवडिलांचं पान गेलं, तिकडे कबुतरं जमली. दुसरं पान घेऊन मी जिन्याखाली आलो. टाइल्सच्या सांध्यांतून पांढरी रेघ फुटायला लागली आहे. ठेकेदाराची गॅरंटी अजून आहे, त्याला फोन करायला हवा, असं मला खजिनदार दोनदा म्हणाले आहेत. मी नख फिरवून पाहिलं. खारट होतं. कडवटही वाटलं, पण मी तसं मानून घेतलं असेल.

पहिल्या मजल्यावर एक नवीन भाडेकरू आला आहे, इंदूरकडचा तरुण, कुठल्याशा ऑफिसात कामाला. तो बॅग लावून बाहेर पडत होता. पान बघून थांबला.

"अंकल, ये किसके लिए?"

त्याला घाई असेल म्हणून मी थोडक्यात सांगायला लागलो. आमचं हिंदी तुम्हाला माहीतच आहे. "इधर पहले बिल्डिंग नहीं थी. नमक का खेत था, बांध था. एक बार समंदर का पानी आया और बांध टूटा. भाई अंदर उतरा, पीठ लगा के खड़ा रहा, पानी रोका. बोला, दौड़, टोकरी में कीचड़ भर के ला. मैं दौड़ा. टोकरी भरी. बहुत भारी थी. तो रास्ते में मैं जरा टेक गया. जरा सा. आया तो भाई नहीं था."

सांगता सांगता माझा हात डोक्याकडे गेला. मान जड झाली होती. त्या मुलानं पाठीवरची बॅग काढून खाली ठेवली.

"मुझे देर हो गई," मी म्हणालो.

तो पानापाशी वाकला. मग हळूच विचारलं, "आपके भाई थे?"

मी एकुलता एक, हे तुम्हाला मी आधीच सांगितलं आहे.

"हां," मी म्हणालो. "बड़े भाई."